लांब आकडा

डॉलर बदलायच्या काउंटरवरच्या पोरीनं पहिली नोट उजेडाकडं धरली, उलटी केली, बोटानं घासली आणि ते बोट नाकाशी नेलं. मग दुसरी घेतली, तिसरी घेतली. चौथ्या नोटेला तिनं सगळा गठ्ठा जुळवला आणि काचेखालच्या फटीतून माझ्याकडं परत सरकवला.

“नो,” ती म्हणाली.

“नो म्हणजे? ओरिजिनल आहेत. कोल्हापुरातनं घेतलेत, पावती आहे.”

मी पावती दाखवली. तिनं ती बघितलीसुद्धा नाही. एक नोट उचलून तिनं माझ्या डोळ्यांसमोर धरली. शंभर डॉलरच्या नोटेवर एक लांब केसांचा गोरा म्हातारा असतो. त्याच्या कपाळावर बरोब्बर मधोमध हळदीचं एक आणि कुंकवाचं एक अशी दोन बोटं उमटलेली होती. दुसऱ्या नोटेवर तसंच. वीसच्या वीस म्हातारे हळदीकुंकू लावून बसले होते.

मी मागं वळले. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, भिंतीकडेच्या बाकावर मांडीत पिशवी घेऊन बसल्या होत्या. माझ्या तोंडाकडं बघूनच त्या उठल्या.

“काय झालं गं वैजू?”

“हे तुम्ही केलंय?”

“काय?”

“कुंकू! नोटांना कुंकू कुणी लावलं?”

“मी लावलं की. निघायच्या दिवशी. आगं, लक्ष्मी हाय ती. घराबाहेर पाठवायची तर कपाळ मोकळं ठेवून पाठवायची व्हय?”

“सगळ्यांना?”

“एकीला लावायचं आणि दुसरीला न्हाई, असं कसं?”

कपाळावर हात मारून घ्यायचंसुद्धा मला सुचलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते आणि दोन वाजायच्या आत मला दवाखान्यात तिथल्या पैशातले चार कोटी भरायचे होते. नाही भरले, तर माझ्या नवऱ्याचा उजवा हात मनगटापासून जाणार होता.

नवऱ्याचं नाव प्रल्हाद. आमच्यात नाव घेत नाहीत, पण लिहिताना घ्यायलाच लागतं. आम्ही इचलकरंजीचे. प्रल्हाद मागांचा जॉबर, म्हणजे बंद पडलेला माग कानानं ऐकून दुरुस्त करणारा माणूस. घरचे चार माग विकल्यावर तो इंडोनेशियात बांडुंग नावाच्या गावी एका कापड गिरणीत लागला. दुसरा महिना चालू होता. मंगळवारी त्याचा हात मशीनच्या रुळात गेला. गिरणीनं त्याला दवाखान्यात नेलं, पहिल्या ऑपरेशनचे पैसेही भरले. पण विम्याचे कागद तिसऱ्या महिन्यापासून लागू होणार होते. पुढचं तुम्ही भरा, नंतर आम्ही देऊ, असं मॅनेजरनं फोनवर सांगितलं. मी पै-पाहुण्यांकडून आणि बँकेतून गोळा करून दोन हजार डॉलर घेतले, उरलेले कार्डाच्या खात्यात ठेवले आणि शुक्रवारी सकाळी आत्तींना घेऊन दोन विमानं बदलून तिथं पोचले.

आत्तींना आणायचं माझ्या मनात नव्हतं. “माझ्या पोराचा हात हाय,” एवढंच त्या म्हणाल्या आणि चप्पल घालून दारात उभ्या राहिल्या. वय सहासष्ट, शिक्षण चौथी. सगळा जन्म दुसऱ्यांच्या मागांना सुताच्या कांड्या भरून देण्यात गेलेला. मी बी.कॉम. घरातली बँक मी, कार्ड मी, मोबाईल मी. परदेशात पैशाचं काय ते मीच बघणार हे न बोलताच ठरलेलं होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा मला तोरा होता.

दवाखान्यात गेल्या गेल्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेतलं. सावकाश इंग्रजीत, मला कळेल असं ते बोलले. दोन बोटांकडं रक्त जात नाहीये. आज शिरा जोडल्या तर हात वाचेल. उद्या सकाळपर्यंत विष वर चढलं तर हात काढावा लागेल. दोन वाजता थिएटर मोकळं आहे, अनामत तेवढी आधी भरा.

आत्तींनी विचारलं, “काय म्हणतोय गं?”

मी सांगितलं, “ऑपरेशन आहे दोन वाजता.” हात काढायचं सांगितलं नाही. पण त्यांनी डॉक्टरांचा हात स्वतःच्या मनगटावर आडवा फिरलेला बघितला होता. त्या खाली बसल्या.

गिरणीनं एक ड्रायव्हर दिला होता, असेप नावाचा. बुटका, हसरा माणूस, इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं. त्याला कुंकवाचा घोळ समजावून सांगणं हे एक दिव्यच होतं. शेवटी मी नोट दाखवली. त्यानं जीभ चावली आणि गाडी पळवली.

दुसऱ्या दुकानात नोटांकडं बघूनच मान हलली. तिसऱ्याचं शटर खाली येत होतं. असेपनं आभाळाकडं बोट दाखवलं आणि कानाशी तळवे नेले. मला कळायला वेळ लागला. शुक्रवार होता. दुपारची नमाज. पाठोपाठ सगळा रस्ताच शटरं ओढायला लागला. एक दुकान, दुसरं दुकान, तिसरं. माणसं धुतलेल्या तोंडानं, टोप्या घालून, निवांत चालत होती आणि मला त्या प्रत्येकाचा राग येत होता. त्या बिचाऱ्यांचा काय दोष?

मागच्या सीटवर आत्ती पदराचं टोक तोंडात ओलं करून एका नोटेवरचं कुंकू पुसायला लागल्या होत्या. कुंकू जाईना, गुलाबी होऊन पसरलं.

“हात लावू नका!” मी ओरडले. “आणखी घाण करताय!”

त्यांनी नोट मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात तिच्यापासून लांब धरून बसल्या.

तो गाडीतला अर्धा तास मला आजही आठवतो. मी घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवत होते आणि बघत होते. डोळ्यांसमोर प्रल्हादचा हात येत होता. मागाशेजारी उभं राहून हाताच्या मागच्या बाजूनं सूत चाचपायची त्याची सवय होती. तो हात नसेल तर प्रल्हाद कोण, हे मला ठाऊक नव्हतं. आणि त्याला स्वतःला तर मुळीच ठाऊक नव्हतं.

असेपला एक चिनी म्हातारा सोनार माहीत होता, जो मागच्या दारानं डॉलर घ्यायचा. त्याचं दुकान उघडं होतं. त्यानं नोटा जाड भिंगाखाली बघितल्या, एका नोटेवरचं कुंकू नखानं खरवडलं, वास घेतला आणि चक्क हसला. मग कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून माझ्याकडं फिरवला.

तिथल्या पैशाची गंमत अशी की आपल्या एका रुपयाला ते जवळजवळ दोनशे मिळत. त्यामुळं चहा प्यायला तरी हजारात बोलायचं आणि दवाखान्यात कोटीत. शंभर डॉलरला तेरा लाख असा भाव होता. म्हाताऱ्यानं साडेअकरा लाख लिहिले होते.

“थर्टीन,” मी म्हणाले.

त्यानं कपाळाला बोट लावून दाखवलं. कुंकवाचा भुर्दंड.

मी घासाघीस केली नाही. करायची ताकदच नव्हती. दोन कोटी तीस लाखांची पुडकी पिशवीत भरून आम्ही पळालो. उरले एक कोटी सत्तर लाख. ते कार्डावर काढायचे. मी गाडीत हिशेब केला, आपले पंचाऐंशी-शहाऐंशी हजार होतील. कार्डात एक्क्याण्णव हजार चारशे होते. बसत होतं. अंगाला चाटून जात होतं, पण बसत होतं.

दवाखान्यात पैसे भरायच्या खिडकीशी युली नावाची मुलगी होती. डोक्याला जांभळा रुमाल, छातीवर नावाची पट्टी. पुडकी मोजायला तिला वीस मिनिटं लागली. मग तिनं कार्ड मशीनमध्ये घातलं आणि मशीन माझ्याकडं फिरवलं.

पडद्यावर दोन आकडे होते. वरचा लांबलचक, शून्यांची रांग लागलेला, तिथल्या पैशातला. खालचा आटोपशीर, आपल्या रुपयांतला. कुठला घ्यायचा, असं मशीन विचारत होतं.

हा प्रश्न मला सकाळी विमानतळावर पैसे काढतानाही आला होता. त्या शून्यांनी मला धडकी भरायची. एक शून्य जास्त असलं तर? कुणी फसवलं तर? त्यापेक्षा आपले रुपये बरे, ते तरी डोळ्यांना कळतात. मी खालच्या आकड्याकडं बोट नेलं.

“रुपिया, इबू,” युली म्हणाली आणि पेनानं वरच्या लांब आकड्यावर टकटक केलं. रुपिया हे तिथल्या पैशाचं नाव आणि इबू म्हणजे तिकडं बाईंना मानानं म्हणतात.

मला वाटलं, ही घाई करतीये. मी मशीन स्वतःकडं ओढलं, रुपये दाबले, पिन घातला. पिन म्हणजे आमच्या मागाच्या शेडचा नंबर होता, सगळ्या घराला पाठ असलेला.

मशीन थोडं थांबलं आणि कुंईं करून नाही म्हणालं.

पुन्हा केलं. पुन्हा रुपये, पुन्हा पिन, पुन्हा नाही. दुसऱ्या वेळी मी आकडा नीट वाचला. ब्याण्णव हजार आठशे साठ. माझ्या हिशेबापेक्षा सात हजारांनी जास्त. कुठून आले हे सात हजार, विचार करायला डोकं जागेवर नव्हतं. एवढंच कळत होतं की चौदाशे साठ रुपये कमी पडतायत, पाऊण वाजून गेलाय आणि चौदाशे साठ रुपयांपायी प्रल्हादचा हात जाणार आहे.

मग मी जे बोलले ते मला विसरता येत नाही.

“तुमच्यामुळं!” मी आत्तींवर ओरडले. भरल्या दवाखान्यात, खुर्च्यांवर बसलेल्या पन्नास माणसांपुढं. “तुमच्या त्या कुंकवापायी! तीस लाख कापले त्या सोनारानं! ते असते तर आत्ता हे भरून झालं असतं. अडाणीपणाची काही हद्द असते. पोराचा हात गेला ना, तर त्या हाताला लावा तुमचं कुंकू!”

भाषा कुणाला कळली नसेल, पण सूर कळला. युलीनं मान खाली घातली. आत्ती उभ्या होत्या तशाच उभ्या राहिल्या.

“मी मॅनेजरला फोन लावून येते. आत लागत नाही. हे धरा,” असं म्हणून मी पर्स आणि कार्ड त्यांच्या हातात कोंबलं आणि बाहेर पळाले.

फोन लागला नाही. मॅनेजर त्या दिवशी दुसऱ्या गावी मशीन उतरवून घ्यायला गेला होता. मी इचलकरंजीला भावाला लावला. तो म्हणाला, “आत्ता टाकतो ताई, पण बँक आज अडकतीये, संध्याकाळपर्यंत येतील.” संध्याकाळ! फाटकाशी एक झाड होतं, त्याच्या बुंध्याला कपाळ टेकून मी रडले. हात कापल्यावर माणसाला सांगतात तरी कसं? शुद्धीवर आल्यावर बघू द्यायचं, का आधी बोलायचं? आणि सांगायचं कुणी, मी की आत्तींनी? असले विचार डोक्यात माश्यांसारखे फिरत होते. असेप थोड्या अंतरावर पाण्याची बाटली घेऊन उभा होता, जवळ यायला त्याला भीती वाटत असावी.

वीस मिनिटांनी मी आत गेले. युलीच्या पायाच पडायचं असं ठरवून गेले होते.

आत्ती खुर्चीवर बसल्या होत्या. हातात एक कागद होता. शिक्का मारलेला.

“भरलं,” त्या म्हणाल्या.

“काय भरलं?”

“पैसे. त्या पोरीनं आणि एकदा मशीन चालवलं. झालं.”

मी कागद वाचला. चार कोटी, पूर्ण. खिडकीतून युली माझ्याकडं बघून हसत होती.

“पण कसं? दोनदा नाही म्हणालं होतं.”

“मला काय कळतंय त्यातलं? मी अडाणी बाई. नंबर तेवढा दाबला, शेडचा. एखादा माग न्हाई का, दोनदा धागा तोडतो आणि तिसऱ्यांदा चालतो?” त्या उठल्या. “चल, वर जाऊ. त्याला आत न्यायच्या आधी तोंड बघू.”

मी देवाचे आभार मानले. मशीनचे मानले, युलीचे मानले. आत्तींचे मानायचं मला सुचलं नाही.

ऑपरेशन सहा तास चाललं. ते सहा तास आम्ही एका बाकावर बसून काढले आणि मी एकदाही त्यांची माफी मागितली नाही. भीती असली की माणूस फार कोता होतो. आत्तींनी पिशवीतली चपाती काढून माझ्यापुढं धरली, मी नको म्हणाले, त्यांनी पुन्हा बांधून ठेवली. रात्री डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी स्वतःचा पंजा उघडून मिटून दाखवला. आत्तींना भाषांतराची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रल्हाद शुद्धीवर आला. मी काही बोलायच्या आत आत्तीच म्हणाल्या, “पल्हाद, तुझ्या आईनं काल घोळ घातला बघ. डॉलरला कुंकू लावलं. कोण घेईना. वैजू होती म्हणून निभावलं.”

तो हसला. हात गेल्यापासून पहिल्यांदा. वीस गोरे म्हातारे आणि वीस कुंकवं! तेव्हापासून ही त्याची गोष्ट झाली. त्याचा हात वाचला, दोन बोटं तेवढी वाकत नाहीत. आज नऊ वर्षं झाली. दर लक्ष्मीपूजनाला तो न वाकणारी बोटं उभी धरून पाहुण्यांना ती गोष्ट सांगतो, सगळे पोट धरून हसतात, आत्ती पदर तोंडाला लावून सगळ्यांच्या बरोबरीनं हसतात आणि मी चहाचं बघायला आत जाते.

कारण गोष्ट तेवढीच नाही.

तीन आठवड्यांनी मी आणि आत्ती परत निघालो. प्रल्हाद व्यायामासाठी अजून महिनाभर तिथंच राहणार होता. भावाचे पैसे खात्यात आले होते. विमानतळावर आत्तींनी गल्लीतल्या पोरांना द्यायला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा पसंत केला. मी कार्ड दिलं. मशीन माझ्याकडं फिरलं. वर लांब आकडा, खाली आपले रुपये. सवयीनं माझं बोट खाली गेलं.

तेवढ्यात मधे दुसरं बोट आलं. जन्मभर सुतानं घासून घासून रेषा पुसलेलं. त्या बोटानं माझं बोट हळूच बाजूला केलं.

“लांब आकडा दाब,” आत्ती म्हणाल्या.

“का?”

“दाब तरी.”

मी दाबला. कागद आला. आत्तींनी डबा पिशवीत ठेवला आणि चालायला लागल्या. मी त्यांच्या मागं.

“आत्ती, का म्हणालात तसं?”

“कांड्या भरायची ना मी, तवा मालक म्हणायचा, बाई, मोजत कशाला बसतीस, मी वजनावर धरतो, लगेच पैसे घे. कांड्या माझ्या, पर तराजू त्याचा. ज्याचा तराजू, त्याचं पारडं. म्हणून मी मोजूनच द्यायची.” त्या थांबल्या, पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “ही मशीनवाली बी आपले रुपये त्यांच्याच तराजूवर मोजत्यात. मधल्यामधे पैसे खात्यात. तिथलं हाय तेवढं तिथल्या पैशात द्यावं, रुपये काय ते आपली बँक करती. त्या पोरीनं मला कागदावर दोन्ही आकडे लिहून दाखवलं हुतं. हातवारे करून करून दमली बिचारी. लांब आकडा दाबला आणि झालं.”

मी तिथंच उभी राहिले. माणसं बाजूनं जात होती. ब्याण्णव हजार आठशे साठ. ते सात हजार कुठून आले होते, ते मला विमानतळाच्या मधोमध कळलं. कार्डात पैसे पुरेसे होते. कुंकवाचा भुर्दंड जाऊनसुद्धा पुरत होते. प्रल्हादचा हात त्या खिडकीशी अडला होता तो माझ्या बोटानं. दोनदा.

आणि हे त्यांना त्याच दुपारी, मी झाडाशी रडत असताना कळलं होतं. तीन आठवडे त्या माझ्या शेजारी झोपल्या, माझ्या ताटाला ताट लावून जेवल्या. पोराला सांगितलं ते कुंकवाचं.

“आत्ती,” मी म्हणाले. “तुम्ही त्याच दिवशी का नाही बोललात? मी तुम्हाला सगळ्यांपुढं तसं... मी काय काय बोलले!”

“बोललीस खरं.”

“मग?”

त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं. नोट पुसत होत्या तसंच, टोक ओलं करून.

“कुंकू मी लावलंच हुतं की. ते काय खोटं हाय?” त्या म्हणाल्या. “आणि घरात सगळ्यांना हसायला एक म्हातारी बास हाय गं. दोघी कशाला?”